मालक एक, संघ अनेक

फ्रान्स आणि जर्मनी यांच्या सीमेवर, ऱ्हाइन नदीच्या काठी वसलेल्या स्ट्रासबर्ग शहरातील मेनाऊ मैदानावर गेल्या काही हंगामांत एक चमत्कारिक दृश्य दिसू लागले. सामना सुरू होतो, दोन्ही संघ चेंडूमागे धावू लागतात, आणि ज्या सज्जातून एरवी ढोल, गाणी व घोषणा यांचा गदारोळ उठावयाचा, तो सज्जा पंधरा मिनिटे अवाक्षर काढीत नाही. सोळाव्या मिनिटाला गाणी सुरू होतात. संघ हरत असताना प्रेक्षकांनी हुर्यो उडवावी हे जगात सर्वत्र चालते. येथे मात्र संघ चांगला खेळत होता. २०२४-२५ च्या हंगामात स्ट्रासबर्गने फ्रान्सच्या प्रथम श्रेणीत सातवा क्रमांक मिळवला आणि युरोपीय स्पर्धेत प्रवेश केला. यश पदरात पडत असताना निषेधाचे मौन पाळणाऱ्या या पाठीराख्यांना काही जण कृतघ्न म्हणाले, काही जण वेडे म्हणाले. परंतु त्यांच्या तक्रारीत अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यानेही विचार करावा असे पुष्कळ आहे.

स्ट्रासबर्गचा हा क्लब १९०६ साली स्थापन झाला. त्या वेळी हे शहर जर्मन साम्राज्यात होते. पहिल्या महायुद्धानंतर आल्सास प्रांत फ्रान्सकडे आला आणि क्लबने फ्रेंच नाव धारण केले. दुसऱ्या महायुद्धात शहर पुन्हा जर्मनांच्या ताब्यात गेले आणि पुन्हा सुटले. राज्य, भाषा आणि शाळेतील पाठ्यपुस्तके एका आयुष्यात दोन-तीनदा बदललेल्या या प्रांतात ज्या थोड्या गोष्टी आपल्या म्हणून टिकल्या, त्यांत हा क्लब आहे. १९७९ साली त्याने फ्रान्सचे विजेतेपद मिळवले, आणि ते त्याचे आजवरचे एकमेव विजेतेपद आहे. २०११ साली क्लबचे दिवाळे वाजले व त्याची रवानगी थेट पाचव्या श्रेणीत झाली. खेड्यापाड्यांच्या संघांशी सामने होऊ लागले, तरी हजारोंनी लोक मेनाऊवर येतच राहिले. २०१२ साली माजी खेळाडू मार्क केलर यांनी काही स्थानिक भागीदारांसह क्लब हाती घेतला, आणि २०१७ साली तो पुन्हा प्रथम श्रेणीत पोचला. २०१९ मध्ये लीग चषकही आला. हा जीर्णोद्धार पैशाने झाला तितकाच तिकिटे काढणाऱ्या माणसांच्या निष्ठेनेही झाला. मैदान सार्वजनिक मालकीचे आहे, आणि त्याच्या नूतनीकरणात मोठा वाटा करदात्यांचाच आहे, हीही गोष्ट येथे लक्षात ठेवली पाहिजे.

जून २०२३ मध्ये केलर आणि त्यांच्या भागीदारांनी हा क्लब ब्लूको या गटाला विकला. याच गटाने त्याआधी एक वर्ष, म्हणजे मे २०२२ मध्ये, लंडनचा चेल्सी क्लब रोमान अब्रामोविच यांच्याकडून विकत घेतला होता. केलर अध्यक्षपदी राहिले. त्यांची बाजू अगदीच तकलादू नव्हती. फ्रेंच फुटबॉलचे अर्थकारण दूरचित्रवाणीच्या हक्कांवर उभे आहे, आणि तो पायाच खचलेला आहे. मीडियाप्रो या कंपनीशी झालेला अवाढव्य करार २०२० साली काही महिन्यांतच मोडला. पुढे डीएझेडएनशी झालेला करार २०२५ मध्ये एका हंगामानंतर संपला. अशा स्थितीत मध्यम आकाराच्या शहरातील क्लबाने स्वबळावर पॅरिसच्या धनाढ्य संघाशी टक्कर द्यावी, ही अपेक्षा भाबडी ठरते. मोठ्या भांडवलाचा आश्रय घ्या, नाही तर खाली घसरा, असा तो पेच होता. पाठीराख्यांचा आक्षेप या पेचाच्या वर्णनावर नव्हता. आश्रयाची किंमत कोणत्या नाण्यात मोजली जाणार, हा त्यांचा प्रश्न होता.

ती किंमत हळूहळू दिसू लागली. चेल्सीचे तरुण खेळाडू उसने म्हणून स्ट्रासबर्गला येऊ लागले. स्ट्रासबर्गचा बचावपटू चेल्सीने विकत घेतला आणि पुन्हा उसना म्हणून तेथेच ठेवला. सप्टेंबर २०२५ मध्ये तर संघाचा कर्णधार इमॅन्युएल एमेगा पुढल्या उन्हाळ्यात चेल्सीकडे जाणार, असे हंगामाच्या आरंभीच जाहीर झाले. ज्याने वर्षभर संघाचे नेतृत्व करावयाचे, त्याचा पुढचा मालक कोण हे पहिल्याच महिन्यात साऱ्या गावाला कळले. त्याने कर्णधारपदाची पट्टी परत करावी, असे फलक सज्जात झळकले. खेळाडूवर हा थोडा अन्यायच झाला. बावीस वर्षांच्या पोराने मोठ्या संघाचे बोलावणे नाकारावे असे कोणीही सुज्ञ माणूस म्हणणार नाही. पण प्रतीक म्हणून ती पट्टी प्रेक्षकांना खुपली, आणि ते समजण्यासारखे आहे.

यानंतर जानेवारी २०२६ मध्ये जे घडले, त्याने उरलासुरला आडपडदाही गेला. चेल्सीने वर्षाच्या पहिल्याच दिवशी एन्झो मारेस्का या प्रशिक्षकाशी फारकत घेतली, आणि आठवडा उलटण्याच्या आत स्ट्रासबर्गचे प्रशिक्षक लियाम रोझेनियर यांना लंडनला नेले. त्यांच्याबरोबर त्यांचे काही सहकारीही गेले. फ्रेंच लीगचा हंगाम ऐन मध्यावर होता, आणि युरोपीय कॉन्फरन्स लीगच्या पहिल्या टप्प्यात स्ट्रासबर्ग अव्वल ठरला होता. रोझेनियर यांच्या जागी गॅरी ओनील यांची तातडीने नेमणूक झाली. पाठीराख्यांच्या संघटनांनी या प्रकाराला मानहानी म्हटले. शब्द कडक वाटेल, परंतु व्यवहार काय झाला ते पाहावे. एका संघाचा तापलेला तवा दुसऱ्या संघाच्या पोळीसाठी उचलून नेण्यात आला, आणि दोन्ही चुली एकाच मालकाच्या असल्यामुळे तक्रार कोणाकडे करावयाची हेच कळेनासे झाले.

साबणाच्या दोन कारखान्यांचा मालक एकच असेल आणि त्याने एका कारखान्याचा कर्तबगार व्यवस्थापक दुसरीकडे हलवला, तर त्यात गैर काहीच नाही. साधनसामग्री जेथे अधिक फलदायी ठरेल तेथे न्यावी, हे तर अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षात शिकवले जाते. मग फुटबॉलमध्ये हेच तत्त्व का बोचावे? याचे उत्तर वॉल्टर नील या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६४ साली एका निबंधात देऊन ठेवले आहे. साबणवाल्याला प्रतिस्पर्धी बुडाला तर आनंदच होतो. मुष्टियोद्धा ज्यो लुई याला मात्र श्मेलिंग हवाच, आणि तोही खराखुरा, तुल्यबळ, जिंकण्याच्या ईर्षेने उतरलेला हवा. क्रीडाव्यवसायात विकला जाणारा माल म्हणजे दोन स्वतंत्र इच्छांची टक्कर. त्यातली एक इच्छा दुसरीच्या अधीन झाली, तर माल भेसळीचा होतो. स्ट्रासबर्ग आणि चेल्सी एका लीगमध्ये खेळत नाहीत हे खरे. पण स्ट्रासबर्ग ज्या संघांशी खेळतो, त्यांच्याविरुद्ध तो पूर्ण ताकदीने उतरेल की नाही, हे जर लंडनच्या गरजेवर ठरणार असेल, तर फ्रेंच लीगच्याही मालात भेसळ झालीच.

दुसरे असे की, या बाजारात ग्राहकाला पळवाट नाही. आल्बर्ट हिर्शमन यांनी १९७० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात म्हटले की, संस्था घसरू लागली की माणसापुढे दोन मार्ग असतात: निघून जाणे किंवा आवाज उठवणे. आणि या दोहोंत निवड करताना निष्ठा आडवी येते. साबण महागला तर दुसरा घेता येतो. स्ट्रासबर्गचा पाठीराखा चिडला म्हणून शेजारच्या मेत्झचा पाठीराखा होत नाही. होऊ शकत नाही म्हणून तर तो पाठीराखा! मालकालाही हे पक्के ठाऊक असते. किंबहुना क्लब विकत घेताना तो मैदान, खेळाडू आणि खुर्च्या यांच्याबरोबर ही अविचल निष्ठाही विकत घेत असतो. स्पर्धेमुळे ग्राहकाचे आपोआप रक्षण होते, हा सिद्धांत येथे लुळा पडतो. उरतो तो आवाज; आणि आवाजही ऐकला जात नाही असे दिसल्यावर पंधरा मिनिटांचे मौन.

भांडवलदारांना या साखळीत काय दिसते? इंग्लंड युरोपीय संघातून बाहेर पडल्यापासून तेथील क्लबांना अठरा वर्षांखालील परदेशी खेळाडू घेता येत नाही. म्हणून तो युरोपच्या मुख्य भूमीवरील उपकंपनीत ठेवायचा. एकाच पाहणी यंत्रणेचा खर्च चार क्लबांवर विभागायचा. उसनवारीवर आंतरराष्ट्रीय महासंघाने २०२२ पासून मर्यादा घातल्या; दोन क्लबांत एका वेळी तीनच खेळाडू उसने देता येतात. तेव्हा उसनवारीऐवजी खरेदी-विक्री दाखवायची. या खरेदी-विक्रीची किंमत कोण ठरवणार? विकणारा आणि घेणारा एकाच टेबलाच्या एकाच बाजूला बसलेले असतात. प्राप्तिकर खात्यातील कारकुनालाही बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या अंतर्गत किमतींची ही डोकेदुखी ओळखीची आहे.

फ्रान्समधीलच त्र्वा या लहान शहराचा अनुभव याहून बोलका आहे. तेथील क्लब मँचेस्टर सिटीच्या मालक गटाकडे, म्हणजे सिटी फुटबॉल ग्रुपकडे, २०२० साली गेला. २०२२ मध्ये त्र्वाने साव्हिन्यो हा ब्राझीलचा तरुण खेळाडू विकत घेतला. हा खेळाडू त्र्वाकडून एकही सामना खेळला नाही. तो उसना म्हणून याच गटाचा भाग असलेल्या स्पेनमधील जिरोनाकडे गेला, तेथे चमकला, आणि २०२४ मध्ये मँचेस्टरला पोचला. तो जिरोनात चमकत होता त्याच हंगामात त्र्वाचा संघ दुसऱ्या श्रेणीच्या तळाशी गेला. मे २०२४ मध्ये व्हालेन्सियेनविरुद्धच्या सामन्यात संतापलेल्या प्रेक्षकांनी मैदानात पेटती नळकांडी फेकली, आणि त्र्वाच्या काही खेळाडूंनी ती उचलून आपल्याच प्रेक्षकांकडे परत फेकली. सामना थांबवावा लागला. संघ तिसऱ्या श्रेणीत जाण्यापासून वाचला तो बोर्दो या दुसऱ्या क्लबचे दिवाळे निघाले म्हणून. एकाच गटाच्या ताळेबंदात जिरोनाचा नफा आणि त्र्वाचा तोटा यांची वजाबाकी होऊन बाकी समाधानकारक दिसत असेल. पण त्र्वाच्या माणसाला ती बाकी घरी नेता येत नाही.

ऑस्ट्रियातील झाल्झबुर्गची कथा जुनी आहे. २००५ साली रेड बुल या पेय बनवणाऱ्या कंपनीने तेथील क्लब घेतला, नाव बदलले आणि जांभळ्या रंगाच्या जागी आपला लाल-पांढरा रंग आणला. जांभळ्या रंगाचा आग्रह धरणाऱ्यांनी वेगळे होऊन जुन्या नावाने नवा क्लब काढला आणि तो थेट सातव्या श्रेणीतून खेळू लागला. पुढे २००९ मध्ये कंपनीने जर्मनीतील लाइपझिग येथे दुसरा संघ उभा केला. राल्फ रांगनिक हे काही वर्षे एकाच वेळी दोन्हींचे क्रीडा संचालक होते, आणि झाल्झबुर्गचे उत्तमोत्तम खेळाडू लाइपझिगचा रस्ता धरू लागले. मालकी एका हाती असूनही २०१७ मध्ये दोन्ही संघांना चॅम्पियन्स लीगमध्ये खेळण्याची परवानगी मिळाली. कागदोपत्री काही फेरफार केले की निर्णायक प्रभाव संपतो, असा निष्कर्ष तेव्हाच रूढ झाला.

इटलीतील बारीचे उदाहरण मात्र सर्वांत जीवघेणे. हा क्लब २०१८ पासून दे लॉरेन्तीस कुटुंबाकडे आहे, आणि नापोलीही त्यांचाच. इटलीत एका मालकाचे दोन संघ प्रथम श्रेणीत खेळू शकत नाहीत. जून २०२३ मध्ये बढतीच्या अंतिम सामन्यात अगदी शेवटच्या क्षणी कालियारीने गोल केला आणि बारी खालीच राहिला. बारी जिंकला असता तर मालकाला तो विकावा लागला असता. खेळाडूंनी जीव तोडून प्रयत्न केले याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण आपला संघ वर जाणे हे आपल्याच मालकाला अडचणीचे आहे, या जाणिवेने सामना पाहणाऱ्या बारीकराचे मन काय झाले असेल? संशयाला पुरावा लागत नाही. हितसंबंधांची रचनाच त्याला जन्म देते.

महाराष्ट्रातील वाचकाला ही रचना नवी वाटू नये. मुंबईच्या कापड गिरण्यांचा कारभार अनेक दशके मॅनेजिंग एजन्सी पद्धतीने चाले. एकच पेढी अनेक कंपन्यांची कारभारी असे. सुरुवातीच्या काळात तर एजंटाचा मोबदला नफ्यावर नसून तयार सुताच्या पौंडामागे पाव आणा असा ठरे, म्हणजे भागधारक बुडाला तरी एजंटाचे उत्पन्न चालूच. एका कंपनीचा पैसा दुसरीत, दुसरीचा तिसरीत, असे व्यवहार होत. या पद्धतीने उद्योग उभे केले हे खरे, आणि भांडवलाच्या टंचाईच्या काळात दुसरा पर्याय थोडाच होता. तरी १९५६ च्या कंपनी कायद्याने एका एजंटाकडे दहाहून अधिक कंपन्या नसाव्यात असे बंधन घातले, आणि ३ एप्रिल १९७० पासून ही पद्धतीच बंद झाली. कारण एकच होते: प्रत्येक कंपनीच्या भागधारकाचे हित त्याच कंपनीपुरते असते, कारभाऱ्याचे नसते. आता पाठीराखा हा भागधारक नव्हे, हे कायद्याच्या दृष्टीने बरोबर आहे. पण २०११ साली बुडालेल्या स्ट्रासबर्गला पाचव्या श्रेणीत तिकीट काढून ज्याने जगवले, त्याने गुंतवणूक केली नाही असे म्हणणे फार अवघड आहे.

अर्थात सगळीकडेच निषेध झाला असे नाही. स्ट्रासबर्गमध्येही साऱ्या प्रेक्षकांना ते मौन रुचले नव्हते. इंग्लंडमधील वॉटफर्डचा संघ २०१२ मध्ये उदिनेसेच्या पोझ्झो कुटुंबाकडे गेला, इटलीहून खेळाडूंची रीघ लागली, आणि २०१५ साली संघ प्रीमियर लीगमध्ये पोचला. तेथील लोकांनी त्याचे स्वागत केले. जिरोनासारखा लहान संघ २०२३-२४ मध्ये स्पेनमध्ये तिसरा आला, तेव्हा तेथे मालकाविरुद्ध मोर्चे निघाले नाहीत. यातून एक गोष्ट दिसते: साखळीत जो घेणारा असतो तो गप्प बसतो, आणि जो देणारा असतो तो ओरडतो.

मुंबई हीही काही काळ याच साखळीची एक कडी होती, हे पुष्कळांना आठवत नसेल. नोव्हेंबर २०१९ मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटी क्लबचे ६५ टक्के भाग घेतले. २०२०-२१ मध्ये मुंबईने लीगमधील अव्वल स्थान व विजेतेपद दोन्ही पटकावले. त्यानंतर आलेले डेस बकिंगहॅम आणि त्यांच्यानंतरचे पेत्र क्रात्की हे दोघेही याच गटाच्या मेलबर्न सिटी क्लबात सहायक प्रशिक्षक होते. मेलबर्नच्या पाठीराख्यांना याचे काय वाटले असेल, याचा मुंबईत कोणी विचार केला नाही. करण्याचे कारणही नव्हते. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये, इंडियन सुपर लीगच्या व्यापारी हक्कांचा करार संपून स्पर्धेचे भवितव्यच अधांतरी झाले असताना, गटाने आपले भाग सोडून दिले व काढता पाय घेतला. गटाच्या दृष्टीने ती तोट्यातली एक शाखा बंद झाली. संघ मुंबईतच राहिला, प्रेक्षकही राहिले.

क्रिकेटमध्ये तर ही पद्धत आपल्याकडूनच जगभर गेली. मुंबई इंडियन्सच्या मालकांचे संघ केप टाउन, अमिराती आणि न्यूयॉर्क येथे उभे राहिले. स्टीफन फ्लेमिंग यांनी चेन्नई, जोहान्सबर्ग आणि टेक्सास या तिन्ही सुपर किंग्जचे प्रशिक्षकपद सांभाळले, आणि चेन्नईत त्याविरुद्ध ब्र निघाला नाही. कारणे उघड आहेत. यांतल्या बहुतेक स्पर्धा वर्षातल्या वेगवेगळ्या महिन्यांत होतात, त्यामुळे एकाचा प्रशिक्षक दुसऱ्याने ऐन हंगामात पळवण्याचा प्रश्न सहसा येत नाही. शिवाय हे संघ पहिल्या दिवसापासून मालकाचेच होते. कोणाच्या आजोबाने त्यांच्यासाठी पावसात उभे राहून तिकीट काढलेले नाही. जेथे अशी शंभर वर्षांची पुण्याई होती, त्या कोलकात्याच्या मोहन बागानच्या नावामागे २०२० साली दुसऱ्या संघाची आद्याक्षरे लागली, तेव्हा पाठीराख्यांनी ती २०२३ मध्ये काढली जाईपर्यंत स्वस्थता घेतली नाही.

युरोपीय महासंघाचे नियम या साऱ्यावर अंकुश ठेवतात असे म्हटले जाते. प्रत्यक्षात एकाच युरोपीय स्पर्धेत एका मालकाचे दोन संघ नसावेत, एवढाच त्यांचा अर्थ. या नियमाचा बडगा २०२५ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसवर बसला. मे महिन्यात या क्लबने मँचेस्टर सिटीला हरवून एफए चषक जिंकला. त्याच्या इतिहासातले हे पहिले मोठे पारितोषिक. परंतु त्यात भाग असलेले जॉन टेक्स्टर हे फ्रान्समधील लियाँ क्लबचेही मालक होते, आणि मार्चची मुदत टळून गेली होती. पॅलेसला युरोपा लीगमधून काढून खालच्या कॉन्फरन्स लीगमध्ये ढकलण्यात आले. ऑगस्टमध्ये क्रीडा लवाद न्यायालयानेही क्लबचे अपील फेटाळले. टेक्स्टर यांचा पॅलेसच्या कारभारात निर्णायक शब्द चालत नव्हता, दोन्ही क्लबांत प्रशिक्षक वा यंत्रणा सामायिक नव्हती, हा क्लबचा युक्तिवाद व्यर्थ गेला. याउलट ज्यांनी वेळेत आपले भाग तिऱ्हाइत विश्वस्तांच्या नावे केले, ते मँचेस्टर सिटी व जिरोना २०२४ मध्ये एकाच स्पर्धेत सुखाने खेळले. म्हणजे जेथे सामायिक कारभार नाही असे क्लब सांगत होता तेथे शिक्षा झाली, आणि जेथे गटाचे नाते जगजाहीर होते तेथे कागदाने काम भागले.

जर्मनीचा नियम अधिक खोलवर जातो. तेथे क्लबमधील मतांचे आधिक्य सभासदांच्या संस्थेकडे असावे लागते. लाइपझिगने मोजकेच सभासद ठेवून त्यातही वाट काढली, तरी बहुतेक क्लबांत तो नियम जिवंत आहे. इंग्लंडने २०२५ च्या कायद्याने स्वतंत्र नियामक नेमला. फ्रान्स किंवा इटलीत अशी उलथापालथ लगेच होईल असे वाटत नाही, आणि विकलेला क्लब परत घेण्याइतका पैसा आल्सासमध्ये कोणाकडे नाही. पण एक लहानशी दुरुस्ती सहज शक्य आहे. खेळाडूंच्या खरेदी-विक्रीला वर्षातील ठरावीक मुदती आहेत. त्यांच्या बाहेर खेळाडू हलवता येत नाही. प्रशिक्षकाला मात्र कोणत्याही मंगळवारी उचलून नेता येते. एकाच मालकाच्या दोन संघांपैकी एकाचा प्रशिक्षक चालू हंगामात दुसऱ्याकडे जाऊ नये, आणि अशा संघांमधील प्रत्येक खरेदीची किंमत त्रयस्थाने तपासावी, ही अट युरोपीय स्पर्धांच्या परवान्यातच घालता येईल. त्यासाठी संसदेचा कायदा नको, मालकी मोडण्याची गरज नाही. महासंघाच्या नियमपुस्तिकेत मालकीविषयी एक कलम आहेच. त्याला दोन पोटकलमे जोडावी लागतील.